न उच्चारलेला वर्ण : अमेरिकेतील पुराणमतवादी राजकारणाची एक चिकित्सा

१

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपल्या चळवळीचे नाते फार जुने आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या सज्जनांना. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले आणि तेथील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांचा प्रश्नही त्याच दारात न्यावा, असा विचार त्यामागे होता. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतले तेही तिकडूनच. हे नाते आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगितलेही पाहिजे.

परंतु या नात्यातून आपण काय घेतले, याचा हिशेब एकदा मांडायला हवा. आपण त्यांचा संताप घेतला. त्यांची कविता, त्यांची आत्मकथने, त्यांचे नकार आपण वाचले. झाडाला टांगलेले प्रेत, पांढरे बुरखे घातलेली झुंड, बसमध्ये जागा सोडायला नकार देणारी स्त्री ही चित्रे आपल्या लेखनात आणि भाषणांत पुन्हापुन्हा येतात. मात्र ज्या राजकारणाने कृष्णवर्णीयांचे दैनंदिन जीवन ठरवले, त्या राजकारणाची अंदाजपत्रके, कायद्यांची कलमे आणि अर्जांचे नमुने आपण क्वचितच वाचले. वर्णद्वेष म्हणजे शिवी आणि दांडका, एवढीच आपली समजूत राहिली. ती अपुरी आहे. तेथे शिवी सभ्य समाजात चालेनाशी झाली त्याला पन्नासहून अधिक वर्षे लोटली. वर्णाचे राजकारण मात्र थांबले नाही. ते शब्दाविना चालू लागले.

हे शब्दाविना चालणे कसे घडले, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मी एका तालुक्याच्या गावी राज्यशास्त्र शिकवतो. पदवीपर्यंत पोचलेला आमच्या घरातला मी पहिला. वर्गात अमेरिकन राज्यघटना शिकवताना मुले विचारतात, "सर, तिकडे कायद्याने सगळे समान झाले, तर मग फरक उरला कोठे?" हा प्रश्न अमेरिकेबद्दल असतो, आणि केवळ अमेरिकेबद्दल नसतो, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते आणि मलाही.

२

प्रथम 'पुराणमतवादी' या शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. तो एका पक्षाचे नाव नाही. १९६० पर्यंत दक्षिणेकडील कट्टर पुराणमतवादी हे डेमोक्रॅटिक पक्षात होते. पुढे हळूहळू ते आणि त्यांचे मतदार रिपब्लिकन पक्षात गेले. तेव्हा पक्षाची पाटी पाहून चालणार नाही. या राजकारणाची स्वतःची म्हणून काही तत्त्वे आहेत. केंद्र सरकारची सत्ता मर्यादित असावी, राज्यांचे हक्क अबाधित राहावेत, कर कमी असावेत, माणसाने आपल्या पायावर उभे राहावे, कायदा व सुव्यवस्था राखली जावी, ही ती तत्त्वे. यातील एकाही तत्त्वात कातडीचा रंग नाही. एखादा मनुष्य ती मनापासून मानू शकतो, आणि असे मानणारे पुष्कळ आहेत.

मग चिकित्सा कशाची करायची? तत्त्वाची कसोटी त्याच्या अपवादात लागते. ते केव्हा आठवले जाते आणि केव्हा सोयीस्करपणे विसरले जाते, हे पाहिले की त्याच्या तळाशी काय आहे ते दिसू लागते. राज्यांच्या हक्काचेच उदाहरण घेऊ. दक्षिणेतील गुलाममालक या हक्काचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते म्हणून इतिहासात ओळखले जातात. परंतु १८५० साली पळालेल्या गुलामांना पकडून परत करण्याचा केंद्रीय कायदा झाला, तेव्हा उत्तरेकडील राज्यांनी आपल्या भूमीवर तो राबवू नये असे ठरवताच हेच मालक केंद्राच्या सत्तेचा आग्रह धरून बसले. १८६० साली साउथ कॅरोलायना संघराज्यातून फुटली तेव्हा तिच्या जाहीरनाम्यातील प्रमुख तक्रार हीच होती की, उत्तरेची राज्ये गुलाम परत करीत नाहीत. म्हणजे स्वतःच्या राज्याचा हक्क पवित्र, दुसऱ्याच्या राज्याचा हक्क हा करारभंग! येथे जे अढळ होते ते राज्यांच्या हक्काचे तत्त्व नव्हते. अढळ होती ती गुलामावरची मालकी.

हीच कसोटी पुढील काळालाही लावता येते.

३

१९३५ साली, महामंदीच्या काळात, अमेरिकेने सामाजिक सुरक्षेचा कायदा केला. म्हातारपणी निवृत्तिवेतन, बेकारीत विमा. आधुनिक कल्याणकारी राज्याचा पाया म्हणून या कायद्याचा गौरव होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु त्यातून दोन प्रकारचे कामगार वगळले गेले. एक शेतमजूर, दुसरे घरकाम करणारे. कायद्यात 'काळा' हा शब्द कोठेही नाही. पण त्या काळी कृष्णवर्णीय राबत होते ते कापसाच्या शेतात आणि गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात. देशातील सुमारे ६५ टक्के कृष्णवर्णीय कामगार या एका वगळण्याने कायद्याबाहेर राहिले. अशा कामगारांकडून वर्गणी गोळा करणे प्रशासनाला अवघड होते म्हणून ते वगळले, असे काही इतिहासकार म्हणतात. वगळलेल्यांत गोरे शेतमजूरही लाखोंनी होते, हेही खरे आहे. परंतु दक्षिणेच्या मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवा होता आणि त्यांचे प्रतिनिधी संसदेच्या समित्यांवर ठाण मांडून होते, हेही तितकेच खरे आहे. १९५० आणि १९५४ च्या दुरुस्त्यांनी हे कामगार कायद्यात आले. तोवर एक पिढी म्हातारी झाली होती.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ साली कायदा झाला. शिक्षण, घरासाठी कर्ज, धंद्यासाठी मदत. कायदा सर्वांसाठी होता. अंमलबजावणी मात्र स्थानिक कचेऱ्या आणि स्थानिक बँका यांच्या हाती होती. १९४७ साली मिसिसिपीतील तेरा शहरांत या योजनेखाली ३,२०० हून अधिक कर्जे मंजूर झाली. त्यांपैकी कृष्णवर्णीयांना मिळाली २. आकडा पुन्हा वाचावा. दोन. कायद्याच्या पुस्तकात समता आणि टेबलापलीकडे बसलेल्या माणसाच्या मनात वर्ण, अशी ती रचना होती. टेबलाच्या अलीकडे उभे राहण्याचा अनुभव आपल्या वाचकांना नवा नाही.

मग १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील पृथक्करण घटनाबाह्य ठरवले, आणि सार्वजनिक या शब्दाचाच अर्थ बदलला. येथून पुढचा इतिहास आपण विशेष बारकाईने वाचावा. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड काउंटीने काळ्या मुलांना गोऱ्या मुलांच्या शेजारी बसवण्याऐवजी १९५९ साली सर्व सरकारी शाळाच बंद केल्या. पाच वर्षे त्या बंद होत्या. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. तिच्या शुल्कासाठी सरकारी अनुदान आणि करसवलत मिळाली. काळ्या मुलांची पाच वर्षे गेली ती गेलीच. १९६४ साली न्यायालयाने शाळा उघडायला लावल्या. अलाबामातील मंटगमेरी शहराने १९५९ साली आपली सर्व उद्याने बंद केली. ओक पार्कमधला पोहण्याचा तलाव बुजवून टाकला, तिथले प्राणिसंग्रहालय मोडले. काही वर्षांनी उद्यान उघडले. तलाव मात्र पुन्हा झाला नाही. मिसिसिपीच्या जॅक्सन शहरानेही तलाव बंद केले, आणि १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते वैध ठरवले. तर्क असा की, तलाव दोघांनाही बंद आहे, मग भेदभाव कोठे?

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास ज्यांच्या रक्तात आहे त्यांना या बुजवलेल्या तलावांचा अर्थ सांगायला नको. फरक एवढाच की, महाडला तळे बाटले म्हणून त्याची शुद्धी केली गेली आणि ते पुन्हा वापरात आले. मंटगमेरीत शुद्धीचा मंत्र उपलब्ध नव्हता, म्हणून तळ्यावरच माती लोटली. 'तुम्हालाही नको, आम्हालाही नको' ही वृत्ती येथे धोरण बनते. गरीब गोऱ्याचे मूलही त्या उन्हाळ्यात पोहण्यावाचून राहिले, हे विसरू नये. त्याकडे मी पुढे येणार आहे.

४

१९६४ हे वळणाचे वर्ष. नागरी हक्कांचा कायदा त्या वर्षी जुलैत झाला. सिनेटमधील ३३ रिपब्लिकन सभासदांपैकी २७ जणांनी बाजूने मत दिले. विरोध करणाऱ्या सहांमध्ये बॅरी गोल्डवॉटर होते, आणि तेच त्या वर्षीचे पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार. गोल्डवॉटर व्यक्तिशः वर्णद्वेष्टे नव्हते. आपल्या राज्यातील हवाई दलाच्या राखीव पथकातील पृथक्करण मोडण्यात त्यांचा हात होता. त्यांचा आक्षेप घटनात्मक होता. खाजगी व्यवसायात केंद्राने हस्तक्षेप करू नये, हा. निवडणुकीत त्यांचा दारुण पराभव झाला. स्वतःचे ॲरिझोना सोडून त्यांनी केवळ पाच राज्ये जिंकली, आणि ती पाचही खोल दक्षिणेतील. मिसिसिपीत तर त्यांना ८७ टक्के मते पडली. त्या राज्यात तेव्हा शंभर प्रौढ कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम सात जण मतदारयादीत होते. ज्यांनी ही ८७ टक्के मते दिली ते सारे एका रात्रीत घटनापंडित झाले होते, असे कोण म्हणेल?

वक्त्याच्या मनात एक आहे आणि श्रोत्याने ऐकले ते दुसरेच, असे येथे झाले. परंतु यातून पुढच्या राजकारण्यांनी धडा घेतला. तत्त्व तेच ठेवावे, आणि ते कोणाला कसे ऐकू जाईल याची बेगमी करावी. १९६८ साली जॉर्ज वॉलेस यांनी स्वतंत्रपणे उभे राहून दक्षिणेतील पाच राज्ये घेतली. रिचर्ड निक्सन 'कायदा व सुव्यवस्था' या घोषणेवर निवडून आले. वॉलेस यांची मते आपल्याकडे कशी वळतील, याचे गणित निक्सन यांच्या प्रचारात काम केलेल्या केविन फिलिप्स यांनी १९६९ साली पुस्तकरूपाने मांडले. याच निक्सन यांनी बांधकामाच्या सरकारी कंत्राटांत कृष्णवर्णीय कामगारांसाठी उद्दिष्टे ठरवून देणारी योजनाही १९६९ साली लागू केली, ही विसंगती नोंदवून ठेवली पाहिजे. इतिहास सरळ रेषेत चालत नाही.

या भाषेची उत्क्रांती तिच्याच एका कारागिराने सांगून ठेवली आहे. ली ॲटवॉटर हे रिपब्लिकन प्रचारतंत्रातील मोठे नाव. १९८१ साली एका राज्यशास्त्रज्ञाला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी सांगितले त्याचा सारांश असा : १९५४ साली उघड शिवी देता येत होती. १९६८ पर्यंत ती उलटू लागली, म्हणून शाळेच्या बसगाड्या आणि राज्यांचे हक्क अशी भाषा आली. पुढे तीही अमूर्त होत गेली आणि करकपातीवर येऊन थांबली. वरकरणी हे सारे आर्थिक, पण परिणामी काळ्यांना गोऱ्यांपेक्षा अधिक झळ. अमूर्त होता होता वर्णाचा प्रश्नच विरून जात आहे, असाही दावा त्यांनी केला. मुलाखतीची ध्वनिफीत २०१२ साली लोकांपुढे आली. विरला तो शब्द. शब्दाचे काम करणारी यंत्रणा तशीच राहिली.

समीक्षकाला येथे एक गोष्ट शिकता येते. विधानाचा अर्थ शब्दकोशात नसतो. ते कोठे, कोणासमोर, केव्हा केले यात असतो. ३ ऑगस्ट १९८० रोजी रोनाल्ड रेगन यांनी मिसिसिपीतील नेशोबा काउंटीच्या जत्रेत भाषण केले आणि आपण राज्यांच्या हक्कांवर विश्वास ठेवतो असे सांगितले. जत्रेपासून थोड्याच मैलांवर, १९६४ च्या जूनमध्ये, कृष्णवर्णीयांची मतदारनोंदणी करायला आलेल्या चळवळीतील तीन तरुणांचे खून झाले होते. त्यात स्थानिक पोलीस अधिकारी सामील होता. त्या मातीवर उभे राहून उच्चारलेला 'राज्यांचा हक्क' घटनेच्या पुस्तकातला उरत नाही.

याच रेगन यांनी १९७६ च्या प्रचारात शिकागोतील एका बाईची गोष्ट गावोगाव सांगितली. ऐंशी नावे घेऊन सरकारी मदत लाटणारी बाई. फसवणूक करणारी अशी एक बाई होती आणि तिला शिक्षाही झाली. पण ती अपवादात्मक गुन्हेगार होती. अपवादाचा नमुना केला गेला. रेगन यांनी तिचा वर्ण सांगितला नाही. सांगायची गरज नव्हती. लोक तिला 'वेल्फेअर क्वीन', म्हणजे सरकारी मदतीवर राज्य करणारी राणी, म्हणू लागले.

आपल्याकडे शिष्यवृत्तीच्या रांगेत उभ्या असलेल्या पोराला 'सरकारचे जावई' म्हणतात. मी ते महाविद्यालयात असताना ऐकले आहे, आज माझे विद्यार्थी ऐकतात. जावई आणि राणी या दोन्ही शब्दांत जातीचे नाव नाही, वर्णाचे नाव नाही. दोन्हींत एकच युक्ती आहे. हक्काला चैनीचे नाव द्यायचे, आणि सरकारशी असलेल्या नागरिकाच्या नात्याला लाडाचे नाते बनवायचे. शब्द असा टाकला की पुढचे अंदाजपत्रक सोपे जाते.

५

ते कसे सोपे गेले, हे आता पाहू. राज्यशास्त्रज्ञ मार्टिन गिलेन्स यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील तीन मोठ्या साप्ताहिकांतील गरिबांची छायाचित्रे मोजली. १९६७ ते १९९२ या काळात छायाचित्रांतील गरिबांपैकी ५७ टक्के कृष्णवर्णीय होते. प्रत्यक्षात देशातील गरिबांमध्ये त्यांचे प्रमाण याच्या निम्म्याच्या आसपास होते. गरिबीचा चेहरा असा रंगवला गेला. आणि 'काळे लोक आळशी असतात' ही समजूत ज्यांच्या मनात घट्ट, त्यांचाच सरकारी मदतीला सर्वाधिक विरोध, असे गिलेन्स यांना आढळले. त्याच लोकांचा शिक्षणावर किंवा वृद्धांवर खर्च करायला विरोध नव्हता. म्हणजे 'सरकारने खर्च करू नये' हे तत्त्व सर्वत्र लागू नव्हते. कोणावर खर्च होतो, हा खरा प्रश्न होता.

१९९६ साली गरीब मातांच्या मदतीचा साठ वर्षांचा केंद्रीय हक्क संपवण्यात आला. कायद्यावर सही केली ती डेमोक्रॅटिक पक्षाचे बिल क्लिंटन यांनी. मदतीला आयुष्यभरात पाच वर्षांची मर्यादा आली आणि नियम ठरवण्याची मोकळीक राज्यांना मिळाली. मोकळीक मिळाल्यावर काय झाले? ज्या राज्यांत मदत घेणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण अधिक, त्या राज्यांनी अधिक कडक नियम आणि शिक्षा स्वीकारल्या, असे जो सॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून दिसते. मिसिसिपीत तीन माणसांच्या कुटुंबाला महिन्याला जास्तीत जास्त १७० डॉलर मिळत. २०२१ साली ते २६० झाले. त्याच सुमारास याच राज्यात या निधीतील सुमारे ७ कोटी ७० लाख डॉलर गैरवापरात गेल्याचे हिशेब तपासणीत उघड झाले. त्यात एका विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल क्रीडागृहाला दिलेले ५० लाख डॉलर होते. गरिबाने एक डॉलर जास्त घेऊ नये म्हणून उभारलेल्या पहाऱ्याला हे दिसले नाही, कारण पहारा दुसऱ्या दाराकडे तोंड करून उभा होता.

शिक्षेचा कायदा पाहा. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने ५ ग्रॅम क्रॅक बाळगणाऱ्या विक्रेत्याला जी किमान पाच वर्षांची कैद ठरवली, तीच भुकटीच्या कोकेनसाठी ५०० ग्रॅमला. द्रव्य मुळात एकच. क्रॅक गरीब काळ्या वस्त्यांत विकले जाई, भुकटी सुखवस्तू गोऱ्यांच्या मेजवान्यांत. एकास शंभर हे प्रमाण २०१० पर्यंत चालले. तेव्हा ते एकास अठरा झाले. तेही समान झाले नाही. पुढे वेदनाशामक गोळ्या आणि हेरॉइन यांचे व्यसन गोऱ्या खेड्यापाड्यांत पसरले तेव्हा २०१६ साली उपचार आणि पुनर्वसनाचा कायदा झाला, व्यसन हा आजार आहे असे दोन्ही पक्ष म्हणू लागले. म्हणाले ते बरोबरच होते. तीस वर्षे उशिरा म्हणाले आणि दुसऱ्या रुग्णाकडे पाहून म्हणाले, एवढेच.

आणि मतदान. १९६५ च्या कायद्यानुसार भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना मतदानाचे नियम बदलण्यापूर्वी केंद्राची परवानगी घ्यावी लागे. जून २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा कणा मोडला. त्याच दिवशी टेक्ससने आपला ओळखपत्राचा कडक कायदा लागू होत असल्याचे जाहीर केले. नॉर्थ कॅरोलायनाने केलेला कायदा २०१६ साली अपील न्यायालयाने रद्द केला. कृष्णवर्णीय कोणत्या सोयी वापरतात याची आकडेवारी आधी मागवून नेमक्या त्याच सोयी काढून घेतल्या गेल्या, हे न्यायालयाने नोंदवले. पाहा, शब्द कोठेच नाही. आकडेवारी मात्र आहे.

६

या मांडणीवर आक्षेप आहेत, आणि ते टाळून जाणे अप्रामाणिक ठरेल.

पहिला आक्षेप संशोधनातलाच आहे. डेव्हिड सीअर्स आणि डोनाल्ड किंडर यांनी १९७१ पासून मांडले की जुना उघड वर्णद्वेष जाऊन त्या जागी नवा, 'प्रतीकात्मक' वर्णद्वेष आला आहे : काळ्यांनी कष्ट करावेत, विशेष सवलत मागू नये, अशा नैतिक भाषेत बोलणारा. पॉल स्नायडरमन आणि इतरांनी त्याला उत्तर दिले की, या मोजपट्टीत तत्त्व आणि द्वेष यांची भेसळ आहे. जो मनुष्य सर्वांनाच स्वावलंबन सांगतो त्यालाही ती वर्णद्वेष्टा ठरवते. प्रश्नांतील कृष्णवर्णीयांच्या जागी दुसऱ्या समूहाचे नाव घातले तरी पुराणमतवाद्यांची उत्तरे फारशी बदलत नाहीत, असेही अलीकडे आढळले आहे. हा आक्षेप वजनदार आहे. म्हणूनच मी माझा मुद्दा व्यक्तीच्या मनावर उभा केलेला नाही. अमुक मनुष्याच्या अंतःकरणात द्वेष आहे की नाही, याचा निवाडा आपण कशाला करावा? धोरणाचा माग काढता येतो. तत्त्व कोणासाठी शिथिल झाले आणि कोणासाठी ताठ राहिले, हे कागदावर दिसते. आणि प्रामाणिक तत्त्वही जेव्हा आधीच विषम केलेल्या जमिनीवर पडते, तेव्हा त्याचे पाणी उताराकडेच वाहते.

दुसरा आक्षेप : उदारमतवादीही यात होते. होते. १९३५ चा कायदा रूझवेल्ट यांचा, १९९६ ची सही क्लिंटन यांची, १९८६ च्या कायद्याला काही कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधींचाही पाठिंबा. यावरून वर्णाचा पाश सैल ठरत नाही, उलट तो किती लांबवर पोचतो ते कळते. तिसरा आक्षेप : कृष्णवर्णीयांतही पुराणमतवादी आहेत. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस आहेत, अर्थतज्ज्ञ थॉमस सोवेल आहेत. त्यांचे युक्तिवाद युक्तिवाद म्हणूनच तपासले पाहिजेत. त्यांना गद्दार म्हणून निकालात काढणे हा बौद्धिक आळस आहे. परंतु त्यांचे अस्तित्व पुढे करून वर सांगितलेला एकही आकडा बदलत नाही.

७

आता त्या गरीब गोऱ्याकडे येऊ, ज्याचे मूल पोहण्यावाचून राहिले. ड्युबॉइस यांनी १९३५ साली पुनर्रचनेच्या काळावरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, गोऱ्या मजुराला पैशाची मजुरी कमी मिळाली तरी गोरेपणाची एक मानसिक मजुरी मिळत होती : मान, अग्रक्रम, आपल्याखाली कोणीतरी आहे ही खात्री. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेचे जे मर्म सांगितले ते याहून वेगळे नाही. प्रत्येक पायरीवरच्याला तुडवायला एक खालची पायरी दिली की, तो वरच्या पायरीविरुद्ध बंड करीत नाही. गोरेपणाच्या या मजुरीची किंमत आजही मोजली जात आहे. २०१० च्या आरोग्य कायद्याने गरिबांचा विमा विस्तारायचे ठरवले. २०१२ साली न्यायालयाने तो राज्यांना ऐच्छिक केला. केंद्र ९० टक्के खर्च देत असताना १० राज्यांनी २०२५ अखेरपर्यंत तो स्वीकारला नाही. त्यांत बहुसंख्य दक्षिणेतील. तेथे औषधावाचून राहणाऱ्यांत गोरे गरीब लाखोंनी आहेत. जोनाथन मेट्झल या डॉक्टरने २०१९ च्या आपल्या पुस्तकात असे गोरे रुग्ण दाखवले आहेत, जे मरणाच्या दारात असूनही 'त्या लोकांना' मिळणारी योजना आपल्याला नको म्हणतात. तलाव बुजवणाऱ्या शहराचा हा थेट वारसा आहे.

या गोष्टीत आपले, म्हणजे मराठी आणि भारतीय माणसाचेही, एक पान आहे. १९२३ साली भगतसिंग थिंड यांनी अमेरिकन न्यायालयात नागरिकत्व मागितले ते उच्च जातीचा शुद्ध आर्य म्हणून, म्हणजे गोरा म्हणून. न्यायालयाने ते फेटाळले. जातीचा दाखला तेथे चालला नाही. पुढे १९६५ साली स्थलांतराचा कायदा बदलला तो नागरी हक्कांच्या चळवळीने घडवलेल्या वातावरणात, आणि त्या दारातून आपले डॉक्टर, इंजिनियर तेथे गेले. कृष्णवर्णीयांनी रक्त सांडून उघडलेल्या दारातून आत गेलेल्या समाजाने २०२३ साली काय केले? सिॲटल शहराने त्या वर्षी फेब्रुवारीत जातिभेदाला बंदी घातली, तेव्हा आणि कॅलिफोर्नियात तसेच विधेयक आले, तेव्हा विरोधात सर्वांत पुढे होत्या त्या भारतीय सवर्णांच्या काही संघटना. त्यांचा युक्तिवाद परिचितच होता : जात उरलेलीच नाही, तिचे नाव घेणे हाच भेदभाव. ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅटिक गव्हर्नरने विधेयक परत पाठवले. आधीचे कायदे पुरेसे आहेत, असे कारण दिले. त्याच वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ-प्रवेशात वंश विचारात घेण्यास बंदी केली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारा अग्रक्रम त्या निकालाने हलला नाही. जानेवारी २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी सरकारी कंत्राटदारांना भेदभाव टाळण्यासाठी सक्रिय पावले टाकायला लावणारा १९६५ चा आदेश रद्द केला. रंग पाहू नका, असे सांगणारे आता कायदाच त्या भाषेत लिहीत आहेत.

याचा आपल्या लेखनाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की, आपली समीक्षा आजवर शिवीची समीक्षा करण्यात तरबेज झाली. कादंबरीतील सवर्ण पात्राच्या तोंडचा एक शब्द आपण अचूक पकडतो. परंतु आज जो अन्याय येतो तो बहुधा सभ्य भाषेत येतो : गुणवत्ता, आर्थिक निकष, निधी वळवणे, रिक्त पदे, उत्पन्नमर्यादा, अर्जाची अंतिम तारीख. अंदाजपत्रक हीही एक संहिता आहे. शासननिर्णय हाही एक निवेदक आहे. त्याने कोणाला नाव दिले आणि कोणाला गाळले, हे वाचता आले पाहिजे. माझ्या वर्गातील मुलांना मी आता अमेरिकेच्या १९३५ च्या कायद्यातील त्या दोन वगळलेल्या कामगारांचे कलम फळ्यावर लिहून देतो आणि विचारतो, यात वर्ण कोठे आहे ते दाखवा. पहिल्यांदा ती गप्प बसतात. मग कोणीतरी मागच्या बाकावरून म्हणते, "सर, शेतात कोण राबत होते ते आधी सांगा." वाचनाची खरी सुरुवात त्या प्रश्नाने होते. कार्यकर्त्याने मोर्चा काढण्यापूर्वी आणि समीक्षकाने लेखणी उचलण्यापूर्वी हा एक प्रश्न प्रत्येक कलमाला विचारायची सवय लावून घेतली, तर न उच्चारलेला शब्दही त्यांना ऐकू येईल.